कॉलेजच्या मुलींच्या सॉकर संघाचा ऐन हंगामातला दौरा: गुरुवार ते रविवार

शेवंती

अमेरिकेतल्या कॉलेजांचा मुलींचा सॉकर हंगाम फार आखूड असतो. ऑगस्टच्या मध्यास सराव सुरू होतो, सप्टेंबर लागता लागता सामने सुरू होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात साखळी फेरी आटोपलेलीही असते. याच काळात सहामाहीच्या चाचण्या, प्रयोगशाळेचे अहवाल आणि निबंध यांची गर्दी असते, आणि याच काळात जवळपास निम्मे सामने परगावी जाऊन खेळावे लागतात. माझी मुलगी कॉलेज खेळांच्या तीन स्तरांपैकी तिसऱ्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीमधल्या एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला असून मधल्या फळीत खेळते. तिच्या संघाचे दौरे जवळून पाहिल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे, की एखादे विद्यापीठ या मुलींना आधी विद्यार्थिनी मानते की नाही, हे त्यांच्या दौऱ्याच्या वेळापत्रकावरून सर्वांत स्पष्ट कळते. त्याबद्दल सविस्तर लिहावे आणि इथल्या जाणकारांचेही अनुभव वाचावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

तिचे विद्यापीठ ज्या गटात खेळते त्याचे नाव युनिव्हर्सिटी ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे यूएए. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या गटात आठ विद्यापीठे आहेत: अटलांटाचे एमरी, न्यू यॉर्कचे एनवाययू, बॉस्टनजवळच्या वॉल्थमचे ब्रँडाइस, पिट्सबर्गचे कार्नेगी मेलन, क्लीव्हलंडचे केस वेस्टर्न रिझर्व्ह, सेंट लुईसचे वॉशिंग्टन विद्यापीठ, आणि शिकागो व रॉचेस्टर. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, आणि या डिव्हिजनमधले बहुतेक संघ बसने सहज जाऊन त्याच दिवशी परत येता येईल अशाच अंतरावर खेळतात. यूएएमध्ये मात्र विमानाशिवाय चालत नाही. प्रत्येक संघ उरलेल्या सातही संघांशी एकेकदा खेळतो, गुणतक्त्यात जो वर तो विजेता, आणि त्याला एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. गटाची वेगळी बाद फेरी नसल्यामुळे ऑक्टोबरमधल्या एका दौऱ्यावर सगळा हंगाम फिरू शकतो.

या गटाची आखणी मला मनापासून आवडते ती तिथल्या जोड्यांमुळे. पिट्सबर्ग आणि क्लीव्हलंड यांत सुमारे २१० किलोमीटर अंतर आहे, वॉल्थम आणि न्यू यॉर्क यांत सव्वातीनशेच्या आसपास, शिकागो आणि सेंट लुईस यांत ४८०. त्यामुळे पाहुणा संघ गुरुवारी एका शहरात उतरतो, शुक्रवारी तिथे खेळतो, शनिवारी बसने दुसऱ्या शहरात जातो, रविवारी तिथे खेळतो आणि रात्री घरी परततो. एका विमानप्रवासात दोन सामने होतात आणि बुडतो तो गुरुवारचा उत्तरार्ध आणि शुक्रवार. जोडीतल्या दोघांचा आपसातला सामना हंगामाच्या अखेरीस होतो. फक्त अटलांटा सर्वांपासून दूर पडते, त्याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट अशी, की मुलांचा आणि मुलींचा संघ एकाच दौऱ्यावर जातात. तेच विमान, तीच बस, तेच हॉटेल, आणि एकाच मैदानावर एका पाठोपाठ एक सामने. कधी मुली आधी खेळतात, कधी मुलगे. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत प्रवासाची सोय आणि रोजचा भत्ता समान आहे का, हेही तपासण्याच्या बाबींमध्ये स्पष्टपणे लिहिलेले आहे. दोन्ही संघ एकत्र प्रवास करतात तेव्हा ती समानता वेगळी मोजत बसावी लागत नाही.

आता शनिवारविषयी, कारण दौऱ्याचा खरा कस शनिवारी लागतो. शुक्रवारी नव्वद मिनिटे खेळलेल्या मुली सकाळी जिना उतरताना कठडा धरून उतरतात. बसमध्ये पुढच्या रांगांत प्रशिक्षक आदल्या दिवशीच्या सामन्याचे चित्रण पाहत असतात, मधल्या रांगांत झोप, आणि मागे चार-पाच जणी मांडीवर लॅपटॉप घेऊन सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या अभिक्रियांच्या पायऱ्या काढत बसलेल्या. दुपारी नव्या शहरातल्या मैदानावर संघ दोन भागांत विभागला जातो: ज्या पूर्ण वेळ खेळल्या त्या वीस-पंचवीस मिनिटे हलके धावून स्नायू मोकळे करतात, आणि ज्या पाच-दहा मिनिटेच खेळल्या किंवा मुळीच खेळल्या नाहीत त्यांचा कसून सराव होतो, लहान मैदानावर चार विरुद्ध चार, मग वेगाच्या धावा. बाहेरून पाहणाऱ्याला हा अन्याय वाटेल. पण रविवारी दुपारी ज्यांच्या पायांत जीव असतो त्या याच मुली असतात, आणि जाणता प्रशिक्षक शनिवारच्या या तासाकडे सर्वाधिक लक्ष देतो.

रात्री जेवणानंतर हॉटेलच्या सभाखोलीत अभ्यासाचा तास असतो. एका दौऱ्यात मी तिथे मुलीला तिचा चष्मा द्यायला गेले, तेव्हा लांब टेबलाच्या एका टोकाला सहायक प्रशिक्षिका घड्याळ लावून बसल्या होत्या आणि दोघी मुली त्यांच्या देखरेखीखाली शुक्रवारी बुडालेली चाचणी लिहीत होत्या. उत्तरपत्रिका पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर सही करून त्यांनी ती आपल्या पिशवीत ठेवली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कोणी फ्रेंच क्रियापदे पाठ करत होते आणि कोणाच्याही तोंडून मोठा आवाज निघत नव्हता. खेळाडू मुलींना सवलती मिळतात असे म्हणणाऱ्यांनी हे दृश्य एकदा पाहावे असे मला फार वाटते.

या दौऱ्यांमुळे आम्हा पालकांना जी मैदाने पाहायला मिळतात त्यांचाही उल्लेख करते. सेंट लुईसला सामना असतो तो फ्रान्सिस ऑलिंपिक मैदानावर. १९०४ चे ऑलिंपिक तिथेच झाले आणि त्या वर्षीचे सॉकरचे सामनेही याच मैदानावर खेळले गेले. आमच्या मुली त्या मातीवर खेळतात याचा मला अभिमान आहे.

ज्यांची मुले-मुली कॉलेजात खेळतात किंवा ज्यांनी स्वतः अशा संघांबरोबर काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

पंचगंगातीर

शेवंतीताई, लेख अतिशय आवडला. आम्ही कोल्हापूरची माणसे, शाहू स्टेडियमवर सामना असला की बाकी कामे बाजूला ठेवणारी, त्यामुळे प्रत्येक ओळ लक्ष देऊन वाचली. दोन शंका आहेत. रविवारी सामन्यानंतर लगेच विमान गाठायचे असते म्हणता, मग सामना बरोबरीत सुटून जादा वेळ खेळावा लागला तर काय करतात? आणि अठ्ठेचाळीस तासांत दोन सामने हे शरीराला झेपते कसे? आमच्याकडे सलग सामने झाले की तिसऱ्या दिवशी निम्मा संघ लंगडत असतो.

शेवंती

पंचगंगातीर, धन्यवाद. जादा वेळेचा प्रश्न आता उरलेला नाही. २०२२ पासून एनसीएएने नियमित हंगामातला जादा वेळ रद्द केला, त्यामुळे नव्वद मिनिटांनंतर बरोबरी असेल तर ती बरोबरीच राहते. त्यापूर्वी दहा-दहा मिनिटांचे दोन डाव असत आणि पहिला गोल झाला की सामना संपे. खेळ म्हणून त्यात थरार होता हे खरे, पण दौऱ्यावरच्या संघासाठी ते डाव म्हणजे थकलेल्या पायांवर आणखी ओझे होते आणि व्यवस्थापिकेच्या जिवाला घोर. बाद फेरीत मात्र जादा वेळ अजूनही आहे, आणि त्यानंतर पेनल्टी.

घोर आता विजेचा असतो. आसपास वीज चमकली किंवा गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे पूर्ण झाल्याशिवाय मैदानावर पाऊल ठेवू देत नाहीत. एकोणतिसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यात दोन्ही संघांचे सामने एका पाठोपाठ असल्याने पहिला लांबला की दुसराही लांबतो. हा नियम जिवाशी निगडित असल्याने त्याबद्दल कोणीही कुरकुर करत नाही; विमान चुकले तर चुकले.

शरीराच्या प्रश्नाचे उत्तर या क्षेत्रातल्या कोणी द्यावे.

अबोली_फिजिओ

मी भौतिकोपचाराचे शिक्षण पुण्यात घेतले आणि आता इथे कॉलेज संघांबरोबर ॲथलेटिक ट्रेनर म्हणून काम करते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

कॉलेज सॉकरमधला बदली खेळाडूंचा नियम व्यावसायिक सामन्यांपेक्षा सैल आहे. पहिल्या अर्धात बाहेर गेलेली खेळाडू त्या अर्धात परत येऊ शकत नाही, पण दुसऱ्या अर्धात खेळू शकते, आणि दुसऱ्या अर्धात बाहेर गेली तर एकदा परतही येऊ शकते. त्यामुळे शहाणा प्रशिक्षक शुक्रवारीच सतरा-अठरा जणींना खेळवतो आणि आघाडीच्या मुलींना प्रत्येक अर्धात विश्रांती देतो. जो प्रशिक्षक शुक्रवारचा सामना जिंकण्यासाठी त्याच अकरा जणींना नव्वद मिनिटे पळवतो, त्याच्या संघाला रविवारी सत्तराव्या मिनिटानंतर काय होते ते आम्ही मैदानाच्या कडेला बसून पाहतो.

आमचे काम हॉटेलमध्येच सुरू होते. सामन्याच्या सकाळी माझ्या खोलीत पलंग भिंतीला सरकवून उपचाराचे घडीचे टेबल मांडते आणि बाहेर रांग लागते. घोट्याला टेप लावून घेण्यासाठी प्रत्येकीची वेळ कागदावर लिहून दाराला चिकटवलेली असते. सामन्यानंतर हॉटेलच्या यंत्रातला बर्फ बादल्यांनी आणून न्हाणीघरातला टब भरायचा, एकेकीला दहा मिनिटे त्यात बसवायचे. बसमध्ये तासा-दीड तासाने थांबून पाय मोकळे करायला लावायचे, घट्ट मोजे घालायला सांगायचे, आणि विमानात पाण्याची बाटली रिकामी झाली की नाही हे तपासायचे. हे सगळे करूनही झोपेला पर्याय नाही. चार जणींना एका खोलीत कोंबणारा दौरा स्वस्त पडतो, पण रविवारी त्याची किंमत कळते.

मुलींच्या संघाबाबत दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्या लागतात. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाला इजा होण्याचे प्रमाण मुलांच्या तुलनेत मुलींमध्ये दोन ते आठ पट असल्याचे वेगवेगळ्या अभ्यासांतून दिसून आले आहे. त्याची कारणे अनेक आहेत, आणि थकलेल्या अवस्थेत उडी मारून चुकीच्या पद्धतीने पाय टेकणे हे त्यातले एक मानले जाते. म्हणूनच आम्ही दौऱ्यावरही सामन्यापूर्वीचा उडी मारण्याचा आणि दिशा बदलण्याचा सराव कधीही गाळत नाही. दुसरी गोष्ट लोहाची. पाळीमुळे आणि अपुऱ्या आहारामुळे खेळाडू मुलींमध्ये लोहाची कमतरता सर्रास आढळते, आणि आठवडाभर दमलेली मुलगी आळशी नसून तिचे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, कमी आहे हे रक्त तपासल्यावर कळते. माझ्या वैद्यकीय पेटीत टेप आणि बर्फाच्या पिशव्यांइतकीच जागा सॅनिटरी पॅड, टॅम्पॉन आणि गरम पाण्याच्या पिशवीला असते. मुलींनी हे मागताना संकोच करू नये म्हणून ती पेटी बसमध्ये पहिल्याच आसनावर उघडी ठेवते.

बे_एरियाकर

शेवंतीताईंनी डिव्हिजन थ्रीचे चित्र मांडले आहे. डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या स्तरात गेल्या काही वर्षांत याच्या नेमके उलट घडले, ते लिहिणे मला आवश्यक वाटते. माझी पुतणी कॅलिफोर्नियात डिव्हिजन वनच्या एका संघात खेळते.

२०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचा पॅक-१२ हा जुना गट जवळजवळ रिकामा झाला. यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन हे बिग टेनमध्ये गेले, ज्याचे सदस्य न्यू जर्सीतल्या रटगर्सपर्यंत पसरलेले आहेत. स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे कॅल हे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठे आता अटलांटिकच्या नावाच्या गटात खेळतात. हा सगळा खटाटोप अमेरिकन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांसाठी झाला. बिग टेनने २०२२ मध्ये जो सात वर्षांचा करार केला, त्याची किंमत ७ अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. त्या करारातले सामने मुख्यतः पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलचे, आणि त्यापायी देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचे सॉकर, व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींनी.

अमेरिकन फुटबॉलचा संघ हंगामात मोजक्या वेळा बाहेर जातो, तोही स्वतःच्या खास विमानाने, आणि बहुधा आठवड्यातून एकच सामना खेळतो. सॉकरच्या मुली सामान्य प्रवाशांच्या विमानाने जातात आणि एका दौऱ्यात दोन सामने खेळतात. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सीतले नेवार्क हे अंतर जवळपास ३,९५० किलोमीटर आहे, सॅन फ्रान्सिस्को ते बॉस्टन त्याहून जास्त, सुमारे ४,३५०. वेळेचा फरक तीन तास. रविवारी पूर्वेकडे दुपारी बाराला सामना असेल तर सामन्यापूर्वीचे जेवण आठ-साडेआठला घ्यावे लागते, आणि त्या वेळी कॅलिफोर्नियातून आलेल्या मुलीच्या शरीराच्या लेखी पहाटेचे पाच-साडेपाच वाजलेले असतात. माझी पुतणी सांगते, की ताटातला भात तिला अक्षरशः पाण्याबरोबर गिळावा लागतो.

नियमांत एक मोठी फट आहे, तिच्याकडे पालकांचे लक्ष वेधतो. हंगामात खेळाशी संबंधित सक्तीच्या कामावर डिव्हिजन वनमध्ये दिवसाला ४ तास आणि आठवड्याला २० तास अशी मर्यादा आहे. सामन्याचा दिवस, मग तो प्रत्यक्षात कितीही लांबला तरी, ३ तासांचा धरला जातो. आणि प्रवासाचा वेळ या २० तासांत मोजलाच जात नाही. विमानतळावरची प्रतीक्षा, सहा तासांचे उड्डाण, हॉटेलपर्यंतची बस हे सगळे कागदावर शून्य. जेव्हा प्रवास दोन तासांच्या बसचा होता तेव्हा हा हिशोब चालून जात असे. आता त्याला काही अर्थ उरलेला नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये यूसीएलएच्या स्थलांतराला मान्यता देताना खेळाडूंचा आहार, अभ्यासातली मदत, मानसिक आरोग्य आणि खास विमाने यांवर जादा खर्च करण्याच्या अटी घातल्या. याचा अर्थ मान्यता देणाऱ्यांनाही या प्रवासाचा भार ठाऊक होता.

कर्वेरोड

बे_एरियाकर, आपले आकडे मान्य आहेत, तरी थोडे वेगळे मत नोंदवतो. डिव्हिजन वनमध्ये खेळणाऱ्या मुलींपैकी ज्यांना पुढे व्यावसायिक खेळाडू व्हायचे आहे, त्यांना नाहीतरी एनडब्ल्यूएसएल या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये सिॲटल ते ऑर्लँडो असेच उडावे लागणार आहे. शिवाय स्पर्धेचा दर्जा हाही मुद्दा आहेच. नॉर्थ कॅरोलायनाने १९८२ पासून एनसीएएची २२ विजेतेपदे मिळवली आहेत, आणि ते ज्या गटात आहेत त्याच गटात दर आठवड्याला खेळायला मिळणे ही स्टॅनफर्डच्या मुलींसाठी संधी नाही का? कष्ट आहेत म्हणून संधी नाकारावी हे मला पटत नाही.

बे_एरियाकर

कर्वेरोड, आपला मुद्दा विचार करण्याजोगा आहे, पण तो मला पूर्ण पटत नाही. व्यावसायिक खेळाडू सोमवारी सकाळी नऊला सांख्यिकीच्या तासाला बसत नाही. आणि डिव्हिजन वनमधल्या बहुसंख्य मुलींचे स्पर्धात्मक सॉकर कॉलेजातच संपते. मूठभर मुलींच्या भावी व्यवसायासाठी सगळ्यांच्या चार वर्षांचे वेळापत्रक आखावे हे योग्य नाही.

राहिला दर्जाचा प्रश्न. स्टॅनफर्डने २०११, २०१७ आणि २०१९ ची विजेतेपदे पॅक-१२ मध्ये असतानाच मिळवली, आणि यूसीएलएनेही २०१३ व २०२२ ची तशीच. २०२२ च्या अंतिम सामन्यात तर यूसीएलए दोन गोलांनी मागे होती आणि जादा वेळेत नॉर्थ कॅरोलायनाला तिने ३-२ असे हरवले. तुल्यबळ प्रतिस्पर्धी त्यांना किनाऱ्यावरच मिळत होते, आणि पूर्वेकडच्या बलाढ्य संघांशी गाठ राष्ट्रीय स्पर्धेत पडतच होती.

दुसरा मार्ग शक्य आहे हेही दिसलेले आहे. पॅक-१२ मध्ये मागे राहिलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांचे मुलींचे सॉकर संघ २०२४ मध्ये वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये सहयोगी म्हणून खेळले आणि पश्चिमेतच फिरले. म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा गट एक आणि सॉकरचा गट दुसरा, असे करण्यात नियमांची आडकाठी नाही. मोठ्या विद्यापीठांनी हे करायला हवे, आणि ते न करण्याचे कोणतेही शैक्षणिक कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

गोदावरी_२

मी प्रथमच या विषयावर लिहीत आहे. माझी मुलगी शाळेच्या अकराव्या इयत्तेत असून गोलरक्षक आहे, आणि काही प्रशिक्षकांशी पत्रव्यवहार सुरू झाला आहे. आम्ही शाकाहारी आहोत. दौऱ्यावर तिच्या जेवणाचे काय होईल ही काळजी कदाचित इथल्या चर्चेपुढे लहान वाटेल, पण मला ती खरोखर आहे. शिवाय तास बुडाल्यावर प्राध्यापक समजून घेतात का? आणि एका संघात तीस मुली असतील तर सगळ्या दौऱ्यावर जातात का?

अबोली_फिजिओ

गोदावरीताई, काळजी लहान नाही. सामन्याच्या आदल्या रात्री संघ बहुतेक वेळा पास्ता, भात, बटाटे असेच खातो, त्यामुळे पोट भरण्याची अडचण येत नाही. अडचण येते ती प्रथिनांची आणि लोहाची, कारण शाकाहारी मुलीच्या पानातून चिकन वगळले जाते आणि त्याच्या जागी काहीच येत नाही. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी संघाच्या व्यवस्थापकाला लेखी कळवावे, की राजमा, काळा घेवडा, टोफू, अंडी चालत असतील तर अंडी, यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. हॉटेलांना आठवडाभर आधी कळवले तर ती करून देतात. मुलीच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, भाजलेले चणे, शेंगदाण्याचे लोणी असू द्यावे. आणि हंगामापूर्वी एकदा फेरिटिन तपासून घ्यावे.

शेवंती

गोदावरी, जेवणाबाबत अबोलीताईंनी लिहिले आहेच. त्यात भर इतकीच, की डिव्हिजन थ्रीमध्ये सामन्यानंतर पालकच वाहनतळावर टेबले मांडून संघाला जेवू घालतात. विमानाने आलेल्या संघाचे पालक त्या शहरात राहणाऱ्या ओळखीच्या कुटुंबांची मदत घेतात. आमच्या मुलीच्या संघात मटार-बटाट्याच्या करंज्या आता कोणी मी आणल्या का असे विचारत नाही, किती आणल्या असे विचारतात.

तासांबद्दल सांगते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात क्रीडा विभागाकडून प्रवासाच्या तारखांचे पत्र मिळते आणि ते प्रत्येक प्राध्यापकाकडे मुलीने स्वतः नेऊन द्यायचे असते. आमच्या अनुभवात बहुतेक प्राध्यापक सहकार्य करतात. अडचण प्रयोगशाळेची होते. शुक्रवारी दुपारचे प्रात्यक्षिक असेल तर ते भरून काढणे कठीण जाते, म्हणून शरद सत्रात शुक्रवारचे प्रात्यक्षिक घेऊ नये हे वरिष्ठ मुली नव्या मुलींना नोंदणीच्या वेळीच सांगतात. माझ्या माहितीतल्या एका मुलीला एका विषयात प्राध्यापकांनी चाचणी पुन्हा द्यायला साफ नकार दिला होता. त्या दौऱ्याला ती गेली नाही, आणि तिच्या प्रशिक्षिकेने पुढच्या सामन्यात तिला पहिल्या अकरात घेतले. असे प्रशिक्षक शोधावेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कटू आहे. सगळ्या जात नाहीत. विमानाच्या दौऱ्यासाठी यादी लागते, आणि तीसपैकी सात-आठ मुली घरी राहतात. गोलरक्षकांबाबत हे आणखी कडक असते, कारण संघात तिघी-चौघी गोलरक्षक असल्या तरी दौऱ्यावर बहुधा दोघीच जातात. माझी मुलगी पहिल्या वर्षी घरी राहणाऱ्यांत होती. त्या शुक्रवारी तिने वसतिगृहातून सामन्याचे थेट प्रक्षेपण पाहिले आणि मला फोन केला नाही. मीही केला नाही. घरी राहिलेल्या मुलींना कसे वागवले जाते यात संघासंघांत फार फरक आहे. काही ठिकाणी त्यांना चार दिवस वाऱ्यावर सोडतात. आमच्या मुलीच्या संघात एक सहायक प्रशिक्षिका मागे थांबून त्यांचा रोज सराव घेते, आणि पुढच्या दौऱ्याच्या यादीत त्यांतल्या एक-दोघींची नावे येतात.

म्हणून विद्यापीठ पाहायला जाल तेव्हा हंगामातले गेल्या वर्षीचे पूर्ण वेळापत्रक मागून घ्या आणि त्यात गुरुवार किती बुडाले ते स्वतः मोजा. रविवारी संघ परत किती वाजता पोचतो, खोलीत किती जणी झोपतात, दौऱ्यावर परीक्षेची देखरेख कोण करते, आणि मागे राहिलेल्या मुलींचा सराव कोण घेते, हे विचारा. प्रशिक्षक उत्तरे देतीलच, पण हेच प्रश्न दुसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या राखीव गोलरक्षक मुलीला, प्रशिक्षक जवळ नसताना, पुन्हा विचारा.